८५ मिलिमीटर, एक बटण आणि ४४ लॅप जुने टायर

१२ डिसेंबर २०२१ ला आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले आणि अबू धाबीची शर्यत सुरू झाली. त्या क्षणी मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन आणि रेड बुलचा मॅक्स वर्स्टापेन यांचे गुण सारखे होते, प्रत्येकी ३६९.५. पहिले दोघे शेवटच्या शर्यतीला असे बरोबरीत उतरले, ते १९७४ नंतर पहिल्यांदाच. नागपुरात फॉर्म्युला वन बघणारे लोक भेटले की हा वाद आजही निघतो. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरही निघतो, पण दरवेळी तो शेवटच्या लॅपवर (फेरीवर) येऊन अडकतो, जिथे वर्स्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकून विजेतेपद घेतलं. कोणी म्हणतं हॅमिल्टनला लुटलं, कोणी म्हणतं मॅक्स हक्काने जिंकला. २२ शर्यतींचा हिशोब एका लॅपवर मांडला की दोघांवरही अन्याय होतो. या हंगामात गुण कुठे गेले आणि कुठून आले हे बघितलं, तर बहुतेक वेळा कारण हातात मावेल एवढं असतं. एखादी फट, एखादं बटण, टायरची एखादी कड.

आधी गाड्यांबद्दल. २०२१ च्या नियमांनी मागच्या टायरांपुढचा फ्लोअर, म्हणजे गाडीचा तळ, तिरका कापायला लावला, डाउनफोर्स (हवेने गाडी रस्त्यावर दाबली जाण्याचा जोर) कमी व्हावा म्हणून. मर्सिडीजची गाडी मागून खाली बसलेली, रेड बुलची मागून उचललेली. खाली बसलेल्या गाडीत फ्लोअरच्या कडा हवा अडवून धरण्याचं काम जास्त करतात, त्यामुळे कडा कापल्यावर मर्सिडीजचं नुकसान जास्त झालं. सलग सात वर्षं विजेतेपद घेणारी टीम आणि तिच्या मागे धावणारी टीम एका पातळीवर आल्या त्या इथे. त्यानंतर एका लॅपमधला फरक सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यात मोजावा लागत होता. असं झालं की शर्यत पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) आणि टायरवर ठरते.

बार्सिलोनात ते स्पष्ट दिसलं. ६६ लॅपची शर्यत, वर्स्टापेन पुढे, हॅमिल्टन त्याच्या मागे चिकटलेला. ४२व्या लॅपला मर्सिडीजने हॅमिल्टनला दुसऱ्यांदा आत बोलावलं. पिटमध्ये जाऊन परत वेगात यायला २२-२३ सेकंद जातात, म्हणजे २४ लॅपमध्ये एवढं अंतर भरून काढायचं होतं. त्यांच्याकडे मीडियम टायरचा एक सेट राखून ठेवलेला होता, रेड बुलकडे फक्त सॉफ्ट, म्हणजे पकड जास्त पण लवकर झिजणारे, उरले होते. सॉफ्ट २४ लॅप टिकले नसते, म्हणून वर्स्टापेनला आत बोलावण्यात अर्थ नव्हता आणि बाहेर ठेवलं तर त्याचे टायर झिजत जाणार होते. ६०व्या लॅपला हॅमिल्टन पुढे गेला. चूक त्या दुपारची नव्हतीच. शनिवारी कोणता सेट वापरायचा आणि कोणता कपाटात ठेवायचा, तिथे शर्यत हरली होती. दीड महिन्याने फ्रान्समध्ये रेड बुलने हाच डाव उलटवला. ३२व्या लॅपला वर्स्टापेन दुसऱ्यांदा आत गेला, आणि ५३ पैकी ५२व्या लॅपला त्याने हॅमिल्टनला गाठून मागे टाकलं. प्रतिस्पर्ध्याकडून इतक्या लवकर शिकणारी टीम क्वचितच दिसते.

या दोन शर्यतींच्या मधे बाकू. तिथे दोघांनाही शून्य गुण मिळाले, आणि दोन्ही शून्यांची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

वर्स्टापेन आघाडीवर होता. ४६व्या लॅपला, दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्त्यावर, त्याचा मागचा डावा टायर फुटला. समृद्धीवर गाडी चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. शिवमडक्याहून चढायचं, काँक्रीटचा रस्ता, मे महिन्याचं ऊन, १२० चा वेग, आणि अर्ध्या वाटेत टायरचे तुकडे. उन्हात हवा फुगते आणि दाब वाढून टायर फुटतो, असा आपल्याकडे समज आहे, म्हणून लोक निघताना मुद्दाम हवा कमी भरतात. खरं नेमकं उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, दुमडण्याने रबर आणि आतले धागे तापतात, आणि वेग जितका जास्त तितक्या वेळा दुमडणं. शेवटी भिंत गोलाकार चिरत जाते. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने बाकूचं जे निदान दिलं ते असंच होतं: टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीत गोल चीर, आणि तिचं कारण टायर प्रत्यक्षात ज्या परिस्थितीत धावला ती. टीमला दाब कमी हवा असतो, कारण कमी दाबात टायर रस्त्याला जास्त चिकटतो. म्हणून पिरेली किमान दाब ठरवून देते. तो दाब तपासला जायचा शर्यतीआधी, टायर तापवायच्या ब्लँकेटमध्ये ते गरम असताना. गाडी धावू लागल्यावर तो किती राहतो हे वेगळं. रेड बुलने नियम मोडला नव्हता, तसं पिरेलीनेही म्हटलं. पण त्यानंतर तपासणी कडक झाली आणि सिल्व्हरस्टोनपासून मागच्या टायरची बांधणी जास्त मजबूत केली गेली. आपल्यासाठी यातला कामाचा भाग एवढाच: समृद्धीवर चढण्याआधी टायर थंड असताना कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब भरा, गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीसाठी दिलेला आकडा बघा, आणि मधे थांबल्यावर गरम टायरमधली हवा सोडू नका.

आता हॅमिल्टनचं शून्य. वर्स्टापेनच्या अपघातामुळे रेड फ्लॅग, म्हणजे शर्यत थांबवली, मग दोन लॅप उरलेले असताना उभ्या गाड्यांची सुरुवात. हॅमिल्टन दुसऱ्या जागेवर होता आणि पहिल्या वळणापर्यंत रेड बुलच्याच पेरेझच्या बरोबरीने पोचला. पेरेझ त्याच्या बाजूला सरकला, हॅमिल्टनने स्टिअरिंग हलवलं, आणि हाताचा धक्का एका बटणाला लागला. त्या बटणाला टीममध्ये ब्रेक मॅजिक म्हणतात. सुरुवातीआधीच्या लॅपमध्ये पुढचे ब्रेक आणि टायर तापवायला ते वापरतात: ब्रेकचा बहुतेक सगळा जोर पुढच्या चाकांवर जातो. हळू चालताना ते ठीक आहे. पूर्ण वेगात ब्रेक मारला तर पुढची चाकं जागीच अडकतात आणि गाडी वळतच नाही. तेच झालं. हॅमिल्टन सरळ गेला आणि पंधरावा आला. जिंकला असता तर २५, दुसरा आला असता तरी १८. हंगाम शेवटी फक्त ८ गुणांनी सुटला. अबू धाबीची चर्चा करताना हे बटण कोणालाच आठवत नाही.

सिल्व्हरस्टोनचं कॉप्स हे वळण साधारण २९० च्या वेगात घेतात. पहिल्याच लॅपला हॅमिल्टन आतून घुसला, त्याचा पुढचा डावा टायर वर्स्टापेनच्या मागच्या उजव्या चाकाला लागला, आणि वर्स्टापेन ५१ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) धक्क्याने टायरांच्या भिंतीवर आदळला. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, हॅमिल्टनला मुख्यतः दोषी धरलं, कारण आतल्या बाजूला जागा असूनही तो वळणाच्या आतल्या कडेला गेला नाही. दहा सेकंदांची शिक्षा मिळूनही तो जिंकला आणि ३३ गुणांची पिछाडी ८ वर आली. आमच्या मते तो निर्णय बरोबर होता आणि शिक्षा कमी पडली, पण शिक्षा परिणाम बघून ठरवायची नसते हेही मान्य. या अपघाताचे पुढचे हिशोब जास्त बोलके आहेत. हॅमिल्टनची रिमही बिघडली होती. रेड फ्लॅग लागला नसता तर त्याची शर्यत तिथेच संपली असती, पण रेड फ्लॅगमध्ये दुरुस्तीला परवानगी असते. रेड बुलने खर्च सुमारे १८ लाख डॉलर सांगितला, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच साडेचौदा कोटी डॉलरची खर्चमर्यादा होती. शिवाय त्या धक्क्यात इंजिनाला तडा गेला. तो हंगेरीत सापडला आणि ते इंजिन बाद झालं.

हंगेरीत मर्सिडीजच्याच बोट्टासने ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा मारला, त्या गर्दीत वर्स्टापेनच्या गाडीची उजवी बाजू तुटली आणि तो तशाच गाडीने नववा आला. हॅमिल्टन दुसरा, तोही त्याच्या पुढे आलेल्या व्हेटेलची गाडी बाद झाल्यावर, कारण तपासणीसाठी १ लिटर पेट्रोल द्यावं लागतं आणि तिच्यातून ०.३ लिटरच निघालं. बेल्जियमच्या स्पामध्ये पावसात सेफ्टी कारमागे (सगळ्यांना हळू चालवायला पुढे धावणारी गाडी) तीन लॅप झाल्या आणि अर्धे गुण वाटले: वर्स्टापेन १२.५, हॅमिल्टन ७.५. शर्यत झालीच नाही आणि पाच गुणांचा फरक पडला. याला आमचा आजही विरोध आहे.

मोंझात वर्स्टापेनचा पिट स्टॉप ११.१ सेकंदांचा झाला. म्हणून दोघे नको तिथे, पहिल्या वळणावर, एकत्र आले. वर्स्टापेनची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर चढली आणि मागचं चाक हेलोवर आलं. डोक्यावरची ती टायटॅनियमची कमान २०१८ मध्ये सक्तीची झाली तेव्हा तिला कुरूप म्हणणारे खूप होते. वर्स्टापेनला पुढच्या शर्यतीसाठी ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) तीन जागा मागे जायची शिक्षा मिळाली. रेड बुलने मग सोचीतच चौथं इंजिन बसवून टाकलं. तीनच्या मर्यादेबाहेर इंजिनाचा पूर्ण संच नवा घेतला की शेवटून निघायचं असतंच, त्यात या तीन जागा आपोआप विरघळल्या. शेवटच्या काही लॅपमध्ये पाऊस आला, त्यांनी योग्य वेळी टायर बदलले, आणि विसाव्या जागेवरून निघालेला वर्स्टापेन दुसरा आला. हॅमिल्टनचा तिथे शंभरावा विजय झाला, पण त्या दिवशी गुणांचा फरक फक्त सातचा.

ब्राझीलमधलं इंटरलागोस ही हॅमिल्टनची या हंगामातली सर्वात मोठी कामगिरी, आणि तिची सुरुवात ८५ मिलिमीटरपासून होते. डीआरएस, म्हणजे पुढच्याला गाठायला मागचा पंख उघडण्याची तेव्हाची सोय, उघडल्यावर त्या पंखाच्या दोन पात्यांमध्ये जास्तीत जास्त ८५ मिमी फट चालायची. आपलं चांगलं भरलेलं संत्रं जेमतेम आरपार जाईल एवढी. तपासायला ८५ मिमीची चकती थोड्या जोराने फटीत ढकलायचे, ती आरपार गेली की गाडी बाद. डावीकडे आणि मधे हॅमिल्टनचा पंख पास झाला, उजव्या टोकाला चकती गेली. मर्सिडीजने फरक ०.२ मिमी सांगितला, म्हणजे वहीची दोन पानं. शनिवारच्या स्प्रिंटला तो विसाव्या जागेवरून निघाला आणि २४ लॅपमध्ये पाचवा झाला. रविवारी नव्या इंजिनाची शिक्षा म्हणून आणखी पाच जागा मागे, म्हणजे दहावा. इथे नियमाचं गणित बघा: पूर्ण संच न बदलता मर्यादेबाहेर फक्त मुख्य इंजिन नवं बसवलं, तर पहिल्या वेळी दहा जागा जातात, त्यानंतर प्रत्येक वेळी पाचच. दहा जागा त्याने तुर्कस्तानातच भरल्या होत्या, त्यामुळे ब्राझीलचं ताजं इंजिन स्वस्तात पडलं. त्या वर्षी मर्सिडीजचं इंजिन वापराने जास्त मंदावत होतं, आणि इंटरलागोसची शेवटची चढण ताकदीचीच परीक्षा आहे. ४८व्या लॅपला चौथ्या वळणावर वर्स्टापेनने त्याला बाहेर ढकललं आणि शिक्षा झाली नाही. ५९व्याला हॅमिल्टन पुढे गेलाच.

जेद्दाहतल्या धडकेचं कारण मात्र लोक चुकीचं सांगतात. वर्स्टापेनला जागा परत द्यायला सांगितलं होतं. तो सरळ रस्त्यावर हळू झाला, पण डीआरएसची नोंद घेणाऱ्या रेषेच्या आधी. त्या रेषेवर जो मागे असायचा त्याला पुढच्या सरळ रस्त्यावर पंख उघडायला मिळायचा. म्हणून वर्स्टापेनला रेषेआधी मागे जायचं होतं आणि हॅमिल्टनला रेषेआधी पुढे जायचं नव्हतं. दोघेही रेंगाळले, वर्स्टापेनने २.४ जी चा ब्रेक मारला आणि हॅमिल्टन मागून आदळला. दोष ब्रेक मारणाऱ्याचाच. पण तो का मारला हे कळल्याशिवाय ती धडक वेडेपणाची वाटते.

अबू धाबीत हॅमिल्टन पहिल्या लॅपपासून चांगला होता. १४व्या लॅपला त्याने हार्ड, म्हणजे सर्वात टिकाऊ, टायर घातले आणि शेवटपर्यंत नेले. वर्स्टापेनने ३६व्या लॅपला व्हर्च्युअल सेफ्टी कारमध्ये (गाडी न पाठवताच सगळ्यांना हळू चालवतात तेव्हा) ताजे हार्ड घेतले, तरी अंतर ११ सेकंदांच्या आसपासपर्यंतच कमी झालं. ५८ पैकी ५३व्या लॅपला लतिफी हा ड्रायव्हर भिंतीवर गेला आणि सेफ्टी कार आली. हॅमिल्टन आत गेला असता तर वर्स्टापेन बाहेर राहून पुढे झाला असता, आणि शर्यत सेफ्टी कारमागेच संपली असती तर विजेतेपद गेलं असतं. तो बाहेर राहिला म्हणून वर्स्टापेन सॉफ्ट घेऊन आला. पुढे असणाऱ्याला दोन्ही वाटा वाईट होत्या, टीमला दोष देण्यासारखं त्यात नाही. मग शर्यत संचालक मायकेल मासी यांनी दोघांच्या मधल्या, एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्यांनाच पुढे जाऊ दिलं, आणि नियमाप्रमाणे आणखी एक लॅप न थांबता सेफ्टी कार आत घेतली. नियम मोडला गेला, यात आम्हाला शंका नाही. नंतरच्या अहवालात मानवी चूक मान्य झाली, निकाल कायम राहिला, आणि पुढे मागे पडलेल्या गाड्यांबद्दलच्या नियमातला ‘कोणत्याही’ हा शब्द बदलून ‘सर्व’ केला गेला.

रेकॉर्डिंग मिळालं तर ती शेवटची लॅप पुन्हा बघताना पाचव्या वळणाकडे लक्ष द्या. त्याच वर्षी यास मरिनाचा ट्रॅक बदलला होता. त्या वळणाआधीची चिकेन (लागोपाठची आडवीतिडवी वळणं) काढून वळण रुंद केलं होतं. सेफ्टी कारमागे हळू फिरून ४४ लॅप जुने हार्ड थंड पडले होते, त्यांना ताप धरायला वेळच नव्हता. सॉफ्ट लगेच पकड घेतात. वर्स्टापेन दूरवरून आत शिरला, ब्रेक उशिरा मारला आणि तरी गाडी वळवली. हॅमिल्टनने सहाव्याला आणि नवव्याला परत प्रयत्न केला. फिनिशला अंतर होतं २.२५६ सेकंद.