इलेक्ट्रिक गाडीची घरची देखभाल: बडोद्यातलं पाचवं वर्ष

नव्या मंडळींसाठी आधी गाडीची कुंडली. २०२१ ची देशी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ३० युनिटच्या आसपासची एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मुक्काम मांजलपूरला, रोजची धाव मकरपुरा जीआयडीसीपर्यंत, सुट्टीला पावागढ नाहीतर केवडिया, आणि अधूनमधून एक्स्प्रेसवेने अहमदाबाद. बॅटरी आणि मोटरची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी चालू आहे, बाकी गाडीची संपली. ती संपल्यापासून घरात एकच वाद: दर वेळी सर्व्हिस सेंटरला पैसे का मोजायचे? यंदा ठरवलं की जे काम स्वतः करता येतं ते करून बघायचं, आणि तिथे जायचं तर नेमकं कशासाठी, ते माहीत करून जायचं.

मार्च

एसी फिल्टर. ग्लोव्ह बॉक्स उतरवला की मागे झाकण, दोन क्लिप दाबल्या की फिल्टर हातात. आमचा निघाला तो कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याने भरलेला, खालच्या घड्यांत काळी भुकटी. गाडी झाडाखाली लावायची तर हे आलंच. नवा बसवताना कडेचा हवेच्या दिशेचा बाण बघायचा, बस. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागला नाही. हेच काम बिलात आलं की फिल्टरच्या किमतीवर मजुरीची वेगळी ओळ असते, आणि ती ओळ वाचून माझं डोकं दर वर्षी फिरतं.

वायपर ब्लेड त्याच दिवशी बदलले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एप्रिल

टायर. इलेक्ट्रिक गाडीत पैसा खाणारी गोष्ट हीच आहे, आणि गंमत म्हणजे 'ईव्हीला मेंटेनन्स नाही' असं म्हणणारे नेमके हीच विसरतात. बॅटरीमुळे गाडी जड, आणि पेडल दाबताक्षणी पूर्ण टॉर्क पुढच्या चाकांवर. वर रीजनचं (पेडल सोडल्यावर मोटरच गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत भरते, ते) ओढणंही त्याच चाकांवर. मागचे टायर अजून भरलेले, पुढचे उताराला लागलेले. आतल्या कडेवरून तळवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखा खरखरीत. टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडल्याची ही खूण. वाघोडिया रोडवरच्या आमच्या टायरवाल्याने अलाइनमेंटचा कागद काढून दिला, तर पुढच्या दोन्ही चाकांचे आकडे लाल. रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं त्याच्याकडेच केलं. त्याच मशीनवर तेच काम सर्व्हिस सेंटरपेक्षा बरंच स्वस्तात होतं, आणि समोर उभं राहून बघू देतात.

एकच गोष्ट त्याला आधी सांगावी लागते. जॅक बॅटरीच्या पेटीला टेकवायचा नाही. मॅन्युअलमध्ये उचलण्याच्या चार जागा दाखवलेल्या असतात, त्यांचा फोटो मी फोनमध्ये ठेवलाय. "भाई, इथेच लाव," म्हणून दाखवला की काम झालं.

खाचेची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पण आपल्याकडच्या पावसात मी ३ च्या खाली जाऊ देणार नाही.

मे

बाहेर ४३ अंश. एका रात्री चार्जर लावला तर लाल दिवा, अर्थ फॉल्ट. गाडी ठीक, चार्जर ठीक. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकून खडखडीत झाली होती. माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो आणि चार्जर बरोबरच नकार देतो. मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज पाहिला, जास्त होता. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं, आकडा खाली आला, चार्जिंग सुरू. आता उन्हाळाभर तुळशीबरोबर त्या खड्ड्यालाही पाणी घालतो. आमच्या आईला हे फार पटलंय.

सॉकेटही उघडून बघा, अर्थात एमसीबी पाडून. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासन् तास करंट गेला की ढिल्या स्क्रूपाशी तार तापते आणि प्लास्टिक पिवळं पडतं. आमच्याकडे ते झालं नव्हतं, पण स्क्रू पाव फेरा आवळला गेला. सर्व्हिस सेंटर याकडे कधीच बघणार नाही, कारण ते गाडीत नाही, भिंतीत आहे. माझ्या मते मात्र हा ईव्हीच्या देखभालीचाच भाग आहे.

आता एसी. इथे मात्र हात आवरायचा. लिक्विड कूलिंगच्या अनेक गाड्यांत एसीचंच गॅस सर्किट चिलरमधून बॅटरीचं कूलंट थंड करतं. म्हणजे गॅस कमी झाला तर तुम्हाला घाम येतोच, शिवाय उन्हात फास्ट चार्जरवर गाडी वेगही कमी घेते. त्यातून कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालणारा. त्यात वीज न वाहणारं पीओई जातीचं तेल लागतं. पेट्रोल गाड्यांत वापरतात ते पीएजी तेल नाक्यावरच्या गॅसवाल्याच्या मशीनच्या नळीत उरलेलं असलं आणि आत गेलं, तर इन्सुलेशन कमकुवत होतं आणि गाडी 'बंद' म्हणून उभी राहते. त्यामुळे एसी गॅस फक्त अशा ठिकाणी, जिथे ईव्हीसाठी वेगळं मशीन आहे. घरी करण्यासारखं म्हणजे पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर साध्या पाइपने, हलक्या धारेने धुणं. धूळ आणि किड्यांचा थर निघाला आणि एसीचा पंखा पूर्वीसारखा घोंघावेनासा झाला.

जुलै

ब्रेकवर जरा सविस्तर, कारण इथेच इलेक्ट्रिक गाडी पेट्रोल गाडीच्या उलट वागते. पेट्रोल गाडीत पॅड झिजतात. आपल्या गाडीत रीजनमुळे ते झिजतच नाहीत, पण वापर नाही म्हणून गंजतात, अडकतात. पावसात दोन दिवस उभी राहिलेली गाडी काढली की डिस्कवर नारिंगी थर दिसतो. तो पहिल्या चार ब्रेकमध्ये जातो, त्याची काळजी नाही. काळजी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिनची. याच पिनांवर तो सरकतो.

चाक काढलं, कॅलिपरचे दोन बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला (ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही). वरची पिन बोटाने सरकली. खालची सरकेना. पिळत पिळत ओढली तर पिनेवरच्या रबरी टोपीआड ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं, आणि पिनेवर मधोमध तपकिरी पट्टा. म्हणजे त्या बाजूचा आतला पॅड डिस्कला हलका घासत होता. रेंज थोडी कमी भासत होती त्याचं एक कारण हे असू शकतं. पिन कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पुसली, सिलिकॉन ग्रीस लावलं, परत बसवली. साधं पेट्रोलियम ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

मागचे ड्रम उघडले, आत चिखलाची धूळ, ब्रेक शूज जवळजवळ नवे.

डिस्क साफ ठेवायची सोपी युक्ती: आठवड्यातून एकदा रीजन शून्यावर घेऊन, मागे कुणी नाही बघून, रिकाम्या रस्त्यावर खरे ब्रेक जरा दाबून मारायचे. माझ्यासाठी सकाळी लवकर हालोलचा रस्ता. तसंही त्या रस्त्यावर एमजीचा कारखाना असल्याने नंबर नसलेल्या नव्या गाड्या दिसतात, तेवढीच करमणूक.

ब्रेक ऑइलवर बरेच जण विचारतात, 'ब्रेक तापतच नाहीत तर दोन वर्षांनी का बदलायचं?' प्रश्न योग्य आहे. डॉट-४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरते. शहरात चालणाऱ्या ईव्हीत एवढं तापमान क्वचितच येतं. पण तोच ओलावा कॅलिपरच्या पिस्टनला आणि एबीएसच्या महागड्या ब्लॉकला आतून खातो. मी बदलतो ते त्यासाठी.

ऑगस्ट

विश्वामित्री नदीचं नाव निघालं की बडोद्यात सगळे गप्प होतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये समा, फतेहगंज, अकोटा भागात गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. तेव्हापासून आमच्या ओळखीत एक गैरसमज पसरलाय की बॅटरी आयपी६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) आहे म्हणजे पुराची फिकीर नाही. आयपी६७ ची चाचणी १ मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये दोन दिवस, तेही गटाराच्या गढूळ पाण्यात, हा प्रकार त्यात बसतच नाही. शिवाय पेटी वाचली तरी कनेक्टर, चार्जिंग पोर्ट, १२ व्होल्टची वायरिंग यांचं काय?

अशी गाडी चालू करायची नाही, चार्जला लावायची नाही. आधी फोटो, मग विमा कंपनीला फोन, मग फ्लॅटबेडवर टाकून सर्व्हिस सेंटर. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर चुंबक असलेली मोटर फिरत राहते आणि वीज बनवते, म्हणून फ्लॅटबेडच. तिथे हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन मोजून घ्यायचं आणि तो आकडा जॉब कार्डवर लिहून मागायचा. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला घरी हात लावायचा नाही, कुणी कितीही व्हिडिओ दाखवले तरी. सर्व्हिस सेंटरचे पैसे मी न कुरकुरता देतो ते या कामासाठी.

ऑक्टोबर

आता वार्षिक सर्व्हिस. काउंटरवरच्या तरुणाने एस्टिमेट पुढे सरकवलं: जनरल चेकअप, इंटिरिअर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग आणि, खरं सांगतो, इंजिन रूम ड्रेसिंग. मी विचारलं, "इंजिन कुठलं, भाऊ?" तो हसला आणि ओळ खोडली. मग मी माझी चिठ्ठी काढली: सॉफ्टवेअर अपडेट आणि काही सर्व्हिस कॅम्पेन (कंपनीने स्वतःहून काढलेली दुरुस्ती) बाकी असेल तर ते, बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट छापून, इन्सुलेशनचं रीडिंग, ब्रेक ऑइल बदल, कूलंटची पातळी, आणि टॉप-अप लागलाच तर कंपनीचंच कूलंट. या सर्किटमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी गेलं तर क्षार साचतात, आणि काही गाड्यांना कमी वीजवाहक खास कूलंट लागतं, त्यात दुसरा रंग मिसळायचा नाही.

आत काम करणारा मुलगा माझं नाव वाचून म्हणाला, "काका, मराठी ना? मी वारसियाचा." मग त्याने स्कॅनर लावून सेलचे व्होल्टेज स्वतःहून दाखवले. जास्तीत जास्त आणि कमीत कमी सेलमधला फरक दहा-वीस मिलिव्होल्टच्या आत. घरी ब्लूटूथ ओबीडी डोंगलवर (गाडीतली माहिती फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) मला हेच दिसत होतं, पण कंपनीच्या छापील कागदाला वॉरंटीच्या वेळी वजन असतं. जाता जाता त्याने सांगितलं की एलएफपीवाल्यांनी अधूनमधून पूर्ण १०० टक्के भरून तिथे थोडा वेळ राहू द्यावं. तिची व्होल्टेजची रेघ मधल्या भागात इतकी सपाट असते की बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला) टक्का कळायला वरचं टोक लागतं. एनएमसीवाल्यांनी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट बॅटरीवाल्यांनी) मात्र रोजच्याला ८० वरच थांबावं.

वॉरंटीबद्दल. कॉम्पिटिशन कमिशनने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता, सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात होतं की बाहेर काम केलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानेच नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती नाकारता येईल. पुढे अपिलं झाली. पण लाखोंच्या बॅटरीसाठी वकील गाठण्याची हौस मला नाही. वॉरंटी पुस्तकात ज्या तपासण्या बंधनकारक आहेत त्या वेळेवर, शिक्क्यासह, बॅटरीची मुदत संपेपर्यंत तिथेच. कोटिंग आणि डिसइन्फेक्शनला मात्र ठाम नाही.

नोव्हेंबर

१२ व्होल्टची बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.२ दाखवतेय, म्हणजे निम्म्यावर. गाडी चालू केल्यावर डीसी-डीसी कन्व्हर्टर १४ च्या आसपास देतोय, तेव्हा दोष बॅटरीचाच. ही मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडत नाही, कारण मोठी बॅटरी जोडणारे काँटॅक्टर (मोठे स्विच) हिच्यावर चालतात. रावपुऱ्यातल्या दुकानात त्याच मापाची आणि त्याच अँपिअर-तासाची सांगून ठेवलीय. बसवताना निगेटिव्ह आधी काढायची, शेवटी लावायची, आणि त्या दिवशी गाडी चार्जला लावलेली नको.

रिडक्शन गिअरचं तेल बाकी आहे. मॅन्युअलप्रमाणे अजून किलोमीटर व्हायचे आहेत, आणि रॅम्पशिवाय ते जमणार नाही. मकरपुऱ्यात एका गॅरेजवाल्याने रविवारी रॅम्प द्यायचं कबूल केलंय. कुणी आपल्या गाडीचं हे तेल स्वतः बदललं असेल तर ड्रेन प्लगला कोणत्या मापाचा पाना लागला आणि वॉशर नवा घालावा लागला का, तेवढं कळवा.