तक्त्यातली एक ओळ

मिरजेत नर्स म्हणून काम करत होते तेव्हा केसपेपर खाटेच्या पायथ्याशीच अडकवलेला असे. भेटायला आलेला कुणीही तो उचलून वाचत असे आणि त्यात काही वावगे आहे असे मलाही कधी वाटले नाही. पुढे इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, एका रुग्णालयात नोकरी करता करता हेल्थ इन्फर्मॅटिक्स आणि इन्फर्मेशन गव्हर्नन्स (आरोग्यविषयक माहिती संगणकावर हाताळणे आणि ती जबाबदारीने जपणे-वापरणे) या विषयातील एमएससी मी अर्धवेळ, तीन वर्षांत पूर्ण केली, आणि माझ्या नजरेत झालेला बदल तेव्हापासूनचा आहे.

पहिल्या सत्रात एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा), स्नोमेड सीटी आणि आयसीडी-१० (आजार व उपचार नोंदवण्याच्या सांकेतिक याद्या) अशी तांत्रिक ओळख झाली. त्यातला एनएचएस क्रमांकाचा धडा मला फार आवडला. प्रत्येक रुग्णाला मिळणाऱ्या या १० आकडी क्रमांकातील पहिल्या नऊ आकड्यांना अनुक्रमे १० ते २ ने गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची, की शेवटचा आकडा मिळतो (उत्तर ११ आले तर शून्य, आणि १० आले तर तो क्रमांक वापरलाच जात नाही). लिहिताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तरी चूक लगेच पकडली जाते. वॉर्डात हा क्रमांक मी हजारो वेळा लिहिला होता, पण एका रुग्णाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागू नये म्हणून त्या क्रमांकाच्या पोटात एवढी काळजी घेतलेली आहे, हे मला ठाऊक नव्हते.

खरा धक्का दुसऱ्या वर्षी बसला. पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णांविषयी मी रुग्णालयासाठी एक तक्ता तयार केला होता. नावे, पत्ते, एनएचएस क्रमांक, जन्मतारखा सगळे काढून टाकले होते, त्यामुळे तो निनावी झाला अशी माझी खात्री होती. तो पुढे पाठवण्याआधी आमच्या विभागप्रमुखांनी एवढेच विचारले, ‘‘यातले कुणी तुम्हाला ओळखता येते का?’’ मी ओळी पाहत गेले आणि एका ओळीवर थांबले. वय ९१, पुरुष, रक्ताचा एक दुर्मीळ आजार, दाखल झाल्याची तारीख. त्या आजोबांचा चेहरा, त्यांचा खिडकीजवळचा बेड, सगळे डोळ्यांसमोर उभे राहिले. नाव नसतानाही ते तिथे होते. मग वयाचे गट केले, तारखेऐवजी फक्त महिना ठेवला आणि पाचपेक्षा कमी रुग्ण असलेले आकडे झाकले. नाव काढून टाकणे आणि ओळख पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्याख्यानात ऐकले होतेच, पण ते उमगले त्या दुपारी.

याचा अर्थ माहिती कुलूपबंद ठेवावी असा मात्र नाही, आणि हे मी आग्रहाने सांगते. डेम फियोना कॅल्डिकॉट यांच्या समितीने १९९७ मध्ये एनएचएसमधील रुग्णांच्या माहितीच्या वापराविषयी सहा तत्त्वे मांडली आणि २०१३ मध्ये त्यांत सातवे जोडले गेले: गोपनीयता राखण्याइतकेच, रुग्णाच्या हितासाठी माहिती पुढे देणे हेही महत्त्वाचे कर्तव्य असू शकते. घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद दिसली नाही, तर ती गुप्तता रुग्णाच्याच जिवावर बेतू शकते.

सध्या माझ्याकडे रुग्णांनी स्वतःची फाइल मागितल्याचे अर्ज येतात आणि सहसा महिनाभरात उत्तर द्यावे लागते. परवाच्या एका फाइलमध्ये मुलीने आईविषयी नर्सला विश्वासाने सांगितलेली दोन वाक्ये होती आणि अर्ज आईचा होता. कायद्यातली तरतूद पाठ होती, तरीही त्या दोन वाक्यांवर मी डॉक्टरांशी बोलले, मुलीची संमती विचारली, कारणे लिहून ठेवली आणि त्यात अर्धा दिवस गेला. मुलीने होकार दिला, आणि फाइल एकही ओळ न झाकता आईच्या हाती गेली.