टँकर आणि ताई

रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारी टँकर आला आणि दोन दिवसांची चिडचिड एकदम गल्लीत उतरली. मे महिन्यातलं नागपूर. चप्पल डांबराला चिकटत होती. सगळे धावले. सोसायटीचा सचिव म्हणून मी मध्ये उभा राहून ओरडलो, "एकेक करून या." कुणी ऐकलं नाही. पाइपच्या ओढाताणीत कितीतरी पाणी नालीत गेलं. ते बघून फार वाईट वाटलं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या ताई खाली आल्या. मीटिंगमध्ये त्या कधी बोलत नाहीत. आजही आवाज चढवला नाही. तळमजल्यावरच्या आजींचा पाण्याचा गुंड त्यांनी आधी पाइपखाली लावला. जास्त दंगा करणाऱ्या दोन पोरांना नावानं हाक मारली. एकाच्या हाती पाइप दिला, दुसऱ्याला ड्रम सरकवायला लावलं. "पयले पिण्याचं भरू. कूलरचं मागून." पाऊण तासात सगळ्यांचं भरलं.

संध्याकाळी मी कौतुकानं म्हणालो, "ताई, तुमच्यात हे जन्मजातच आहे." त्यांना ते आवडलं नाही.

"जन्मजात काहून हो भाऊ? एकोणीस वर्षं झाली अंगणवाडीत. पयल्या वर्षी पोट्टे रडायचे अन् मीबी रडायची. ज्याच्या मागं सगळे पळतात त्याच पोट्ट्याच्या हाती काम द्यायचं, हे समजायलेच दोन वर्षं गेले."

मी घरी आलो तरी ते एकोणीस डोक्यातून जाईना. 'जन्मजात' म्हणून मी त्यांची सगळी मेहनत एका शब्दात पुसली होती.

मला जाईबाई चौधरी आठवल्या. आपल्या नागपूरच्याच. आधी स्टेशनावर हमाली केली. एका मिशनरी बाईंनी शिकवलं, मग जाईबाई शिक्षिका झाल्या. 'अस्पृश्य' म्हणून ती नोकरी टिकू दिली नाही, तेव्हा १९२० च्या दशकात त्यांनी स्वतःच मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. अक्षरं कुणी हातात दिली नसती, तर डोक्यावरचं ओझं कधी उतरलं असतं? त्या काळी ओझी वाहणाऱ्या बाकीच्या बायांमध्ये काही कमी होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना शिकवणारं कुणी भेटलं नाही, एवढंच.

तरी एक गोष्ट सुटत नाही. अंगणवाडीनं रांग लावायला शिकवलं, हे पटलं. पण भर उन्हात स्वतःची बादली वर ठेवून जिना उतरायचं, हे कुणी शिकवलं? ताईंना विचारलं. म्हणाल्या, "माझी आई तशीच होती." आता हे रक्तात आलं म्हणायचं की रोज पाहून शिकल्या म्हणायचं? मला पाहून शिकल्या हेच खरं वाटतं, पण छातीठोक सांगता येत नाही.

बुधवारी पुन्हा टँकर आहे. मी काय करू, असं विचारलं, तर म्हणाल्या, "पयले सगळ्यांचे नावं पाठ करा. पोट्ट्यांचेबी."

वही घेऊन बसलोय. चाळीस घरं आहेत. सव्वीस लिहून झाली.