वाफसा आणि मे महिन्यातली गच्ची

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की गच्चीवरच्या बागेची काळजी मला घरातल्या माणसांइतकीच वाटू लागते. चार वर्षांपूर्वी याच काळजीपोटी मी एक बहरलेली जास्वंद मारली. दुपारी तिची पाने मान टाकत, म्हणून मी दुपारीही पाणी घालत असे, आणि संध्याकाळी ती टवटवीत दिसली की ते श्रेय स्वतःकडे घेत असे. वास्तविक भर उन्हात मुळे शोषतात त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जाते, त्यामुळे माती पुरेशी ओली असतानाही पाने लोंबतात आणि ऊन उतरल्यावर आपोआप सावरतात. माझ्या जास्वंदीची मुळे मात्र सततच्या चिखलात हवेवाचून कुजली. पाने सकाळीही मलूल दिसली, तरच मातीत बोट घालून पाहावे.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळत्या असण्याची स्थिती, ती कुंडीतही सांभाळावी लागते. बोट दोन पेरे आत घातल्यावर माती कोरडी लागली, तर तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घालावे; रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच्याच थरात राहतात आणि तोच थर सर्वांत आधी तापतो. पाणी घालताच तळातून वाहून गेले, तर मात्र फसू नये, कारण कुंडीतल्या मातीत मिसळलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, फार वाळले की पाणी धरत नाही आणि ते कुंडीच्या कडेने निसटते. अशी कुंडी मी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवते.

वेळ सकाळी सातच्या आधीची उत्तम. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी चटका बसेल इतके तापलेले असते, ते आधी बादलीत काढावे. मातीची कुंडी भिंतींतूनही पाणी सोडते, त्यामुळे ती प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्यापासून माझ्या मोगऱ्याला दिवसातून एकदाच पाणी पुरते.

अंगणातल्या लिंबाचे आळे बुंध्याला चिकटून करू नये, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे दूर पसरलेली असतात. मेअखेरीस आमच्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी सावलीची कड जिथे पडते तिथे आळे करावे.

आमच्याकडे कूलरचे उरलेले पाणी झाडांना घालण्याची पद्धत आहे. ते वाया जाऊ नये हा हेतू चांगला असला, तरी पाण्याची वाफ होत राहते आणि क्षार टाकीतच साठतात, म्हणून ते पाणी मी कुंड्यांऐवजी गच्ची धुण्यासाठी वापरते. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे ते तुळशीला खुशाल घालावे.