अडीच लाखांचा भोंगा

२०२५ मधे रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून सोडवून आणली, ४७ लाखांच्या आसपास लागले असं पेपरात आलं, आणि तेव्हापासून नागपुरात ज्याच्या माळ्यावर गंजकं काहीही पडलंय तो मला फोन करून राहिला. इथं भोसल्यांचं नाव निघालं की प्रत्येकाचे खापरपणजोबा दरबारात कुठंतरी निघतातच. मी सगळ्यांना एकच सांगतो, त्या तलवारीवर देवनागरीत नाव आहे, कोणाची ते तिच्यावरच लिहिलंय, तुमच्या वस्तूवर काय लिहिलंय ते आधी पाहून सांगा. बहुतेक फोन तिथंच संपतात.

महाल भागातल्या एका दादांचा संपला नाही.

आमचं मूळ दुकान इतवारीत, भांड्यांचं. वडील मोडीत जुनं पितळ-तांबं घ्यायचे, पण त्यातलं एखादं ठोकीव घंगाळ, एखादी जड समई भट्टीत द्यायला त्यांचा जीव व्हायचा नाही, ती मागच्या खोलीत जमत गेली, मग हॉटेलवाले, रिसॉर्टवाले, नाटकाचं सामान पुरवणारे विचारत यायला लागले आणि माझा हाच धंदा होऊन बसला. आता तर घेण्या-विकण्यापेक्षा किंमत काढायलाच जास्त बोलावतात, म्हणजे वाटणीच्या वेळी. ज्या घरची किंमत काढतो त्या घरचं मी स्वतः काही घेत नाही, आणि फी ठरलेली घेतो, टक्क्यांत नाही. टक्क्यांत घेतली की आकडा फुगवावासा वाटतो आणि स्वतःला घ्यायचं असलं की पाडावासा वाटतो, माणूसच आहे शेवटी.

तर वाडा बिल्डरला जाऊन राहिला होता. आई-वडील दोघंही गेलेले, चार भावंडं. थोरले दादा बँकेतून रिटायर, वाड्यातच राहणारे. धाकटा पुण्याला, ताई इथंच प्रतापनगरला, लहानी अमरावतीला दिलेली. जागेचं वकिलानं निस्तरून दिलं होतं, गाडी अडली होती सामानावर. मी गेलो तर दादांनी ओसरीवर सगळं मांडून ठेवलेलं आणि मोबाईलमधे स्क्रीनशॉट तयार.

"हा पहा ग्रामोफोन. ऑनलाईन अडीच लाख लावून राहिले लोक. हा धाकट्याच्या हिश्श्यात टाका, त्याचं झालं. भांडीकुंडी बहिणींना, त्यांना कामी येतील. बंब, तसबिरी अन् चांदीचे रुपये राहू द्या माझ्याकडे, सांभाळलं तर मीच ना इतकी वर्षं."

धाकटा काहीच बोलला नाही, फक्त भोंग्याकडे पाहून हसला. तेव्हाच मला शंका आली.

ऑनलाईन भावाचं सांगतो. तिथं दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नाही, आणि मागायला काय, कोणी काहीही मागतो. ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट लाखांत घेतो म्हणणारेही तिथंच बसलेत, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणतात आणि फी भरली की गायब. रिझर्व्ह बँकेला २०२१ मधे जाहीर सांगावं लागलं की बाबांनो आम्ही असा काही व्यवहार करत नाही, कोणाला कमिशन देऊ नका. तरी लोक भरतात.

भोंगा एकदम चकाचक, पातळ पितळी पत्र्याचा, उचलला तर हलका. खाली आठ कोनी लाकडी पेटी, वर कुत्र्याचं चित्र. मी पेटी उलटी केली आणि ताईला म्हटलं टॉर्च धरा जरा. तळाला प्लायवूड. आणि पत्रा धरून ठेवणारे चारही स्क्रू स्टारचे. ज्या काळातला हा असल्याचं सांगत होते त्या काळात एका सरळ खाचेचे स्क्रू असायचे, स्टारचे नाही. आत मोटर खरी होती, पण ती कुठल्यातरी जुन्या पेटी-ग्रामोफोनमधून काढून बसवलेली, स्टिलच्या पट्टीला नवीन भोकं पाडून. असे भोंगे दिवाणखान्यात ठेवायला उत्तरेकडे आजही बनतात. वहिनी म्हणाल्या अहो आजेसासऱ्यांच्या वेळचा आहे हा. मग धाकट्यानं तोंड उघडलं, "वहिनी, बाबांनी आणला होता, मी कॉलेजात होतो तेव्हा. रेशीमबागेत प्रदर्शन लागलं होतं, मीच स्कूटरवर मागं धरून बसलो होतो."

शोभेची वस्तू म्हणून मी साडेतीन-चार हजार लिहिले. दादांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

खरा ग्रामोफोन कोपऱ्यात होता, काळ्या रेक्झिनची बॅगेसारखी पेटी, एचएमव्हीचा १०२ नंबर, भोंगा नाही काही नाही म्हणून कोणी यादीतही घेतला नव्हता. चावी दिली, स्प्रिंग शाबूत, आवाज आला. हे मॉडेल खूप निघालं त्यामुळे दुर्मिळ वगैरे नाही, पण चालू आहे म्हणून सहा हजार. रेकॉर्डी म्हणाल तर लाखेच्या जड तबकड्या, बहुतेक सिनेमाच्या, अर्ध्यांवर चरे, ढीगभर होत्या आणि ढिगाचाच भाव.

रविवर्मांच्या दोन तसबिरी, लक्ष्मी आणि सरस्वती. इथं मी जरा वेळ घेतला. काच काढून भिंगानं पाहिलं. आजकालच्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, रांगोळीचा कागद ठेवल्यासारखी. जुनी दगडावरची छपाई असेल तर ठिपके आडवेतिडवे, लहानमोठे, रंगावर रंग चढलेला, कारण प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा. रविवर्मांनी १८९४ मधे मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, मग विकला, पण नावानं छपाई पुढं कितीतरी वर्षं चालू राहिली, त्यामुळे नुसतं खरं आहे म्हणून भागत नाही. लक्ष्मीचा खालचा समास पूर्ण, त्यावर छापखान्याचं नाव आणि कार्ला-लोणावळा स्पष्ट. सरस्वती मात्र कोणीतरी लहान फ्रेममधे बसवायला चारही बाजूंनी कापलेली, वीणेचा भोपळासुद्धा थोडा गेलेला. लक्ष्मीचे अकरा हजार, सरस्वतीचे अडीच. दादांनी विचारलं, काहून बे एवढा फरक, दोघी बहिणीच ना. (लक्ष्मी-सरस्वतीचं कधीच जमत नाही म्हणतात, पण ते मी बोललो नाही.)

रुपयांच्या बटव्यात सगळ्यात वर, कापसात गुंडाळून, रामदरबाराचा तांब्याचा आणा, सन १८१८, ईस्ट इंडिया कंपनी. दादा हळूच म्हणाले, हा कोट्यवधींचा आहे म्हणतात. मी म्हटलं हा मेळ्यात, देवळाबाहेर मिळतो, कंपनीनं रामसीतेचं असं नाणं कधी पाडलंच नाही, आणि देशभर एकसारखी नाणी तर त्यांनी १८३५ पासून सुरू केली. बाकीचे मात्र खरे, व्हिक्टोरियाचे. १८७६ पर्यंत क्वीन, १८७७ पासून एम्प्रेस, आपल्या एम्प्रेस मिलचं नाव पण त्यावरूनच, ती सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, बाई महाराणीच्या सम्राज्ञी झाल्या त्याच दिवशी. एका रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी. सहावा जॉर्ज होता तीन-चारांवर, १९४० च्या नंतरचे, त्यात चांदी निम्मीच. एखाददुसऱ्याला संग्राहक वरचे पैसे देतो, पण वहिनींनी पाहुणे येणार म्हणून सगळे चिंच आणि राखेनं घासून लख्ख करून ठेवले होते. घासलेलं नाणं संग्राहक हातात घेत नाही. चांदीच्या भावानं धरले. वहिनींना वाईट वाटलं, इतकी मेहनत केली म्हणाल्या.

दाराच्या वर सांबराची शिंगं. कवटीच्या तुकड्यासकट, लाकडी पाटीवर. दादांना वाटत होतं याचे पंधरा-वीस तरी येतील, कोणीतरी विचारून गेलंय म्हणाले. मी म्हटलं दादा, कोण विचारून गेलं ते मला सांगूच नका. आजोबांच्या काळात शिकार चालायची, कबूल, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे विकणं गुन्हा आहे, घरात ठेवायलाही मालकीचा दाखला लागतो. ज्यांनी दाखला घेतला नव्हता त्यांना २००३ साली सरकारनं जाहीर करायला १८० दिवस दिले होते, तेव्हा केलं का? नाही. मग किंमत शून्य, आणि समोर शेरा, वनविभाग. मुख्य वन्यजीव रक्षकांचं ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, वकिलाला घेऊन तिथं जा आणि आहे ते सांगा. त्यानंतर शिंगांकडे कोणी पाहीना.

यादी झाली आणि अपेक्षेप्रमाणे भांडण सुरू झालं. माझे आकडे कमी आहेत असं दादांचं म्हणणं. मी म्हटलं माझा आकडा म्हणजे आज बाजारात रोख काय मिळेल तेवढाच, तुम्हाला कोणाला जास्त वाटत असेल तर चिठ्ठ्या टाका. ही पद्धत मी नेहमी सुचवतो. प्रत्येकानं प्रत्येक वस्तूसमोर आपण किती देऊ ते लिहायचं, एकमेकांना न दाखवता, माझ्या आकड्याच्या वर. ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू, पैसे गल्ल्यात, आणि गल्ला चौघांत सारखा. कोणालाच नको ती बाजारात.

"आपलीच वस्तू आपणच विकत घ्यायची?" दादा.

"हव. त्यातला चौथा हिस्साच तुमचा आहे ना, उरलेल्या तिघांचे पैसे द्या."

बहिणी लगेच तयार झाल्या. दादा झाले, पण कुरकुरत.

चिठ्ठ्या उघडल्या. दादांनी जिथं लिहिलं तिथं माझ्या आकड्यावर बरोबर शंभर रुपये जास्त. तांब्याचा बंब मी बारा हजाराला धरला होता, दादांचे बारा हजार शंभर, धाकट्याचे अठरा हजार. दादा उसळले, "पुण्याच्या फ्लॅटमधे बंब ठेवशील कुठं?" तो म्हणाला बाल्कनीत, झाड लावीन. बंबात झाड! दादांना ते पैशांपेक्षा जास्त लागलं. रुपये दादांनाच गेले, लक्ष्मी ताईला, सरस्वती लहानीला, १०२ नंबर धाकट्यानं आठ हजारांत घेतला. अडीच लाखांच्या भोंग्यासमोर चारही चिठ्ठ्या कोऱ्या. दादांचीसुद्धा.

आणि पानाचा डबा. पितळी, साधा, वर जाळीकाम, आत वाट्या आणि अडकित्ता. चुन्याच्या डबीचं मूळ झाकण हरवलेलं, त्याच्या जागी बामच्या बाटलीचं हिरवं झाकण दाबून बसवलेलं, म्हणून मी अडीच हजारांचे अठराशे केले होते. ताईनं लिहिले पंधरा हजार. लहानीनं एकवीस. मला वाटलं शून्य जास्त पडलं म्हणून मी दोनदा विचारलं. लहानीनं हिशोब आधीच करून ठेवलेला, म्हणाली चौथा हिस्सा मलाच परत येतो, म्हणजे पडले पंधरा हजार सातशे पन्नास, ठीक आहे. तिचा नवरा शेजारी बसलेला, तो छताकडे पाहून राहिला होता.

निघताना ताईनं मला फाटकापाशी गाठलं. असा दुसरा मिळेल का? मी म्हटलं इतवारीत कधीही या, दोन-अडीच हजारांत देतो, चुन्याच्या डबीच्या पितळी झाकणासकट.

"पितळी झाकणाचा नको," म्हणाली आणि आत गेली.

गल्ल्यात सव्वा लाखाच्या थोडं वर जमलं, एकेकाला एकतीस हजार आणि वर काही. माझ्या फीवरून दादांनी घासाघीस केलीच, पण दिली. शिंगांसाठी वकील गाठला असं नंतर धाकट्यानं कळवलं. भोंगा मी धरमपेठेतल्या एका कॅफेवाल्याशी जोडून दिला, साडेतीन हजारांत गेला, मी मधे काही ठेवलं नाही. आठशे पंच्याहत्तर प्रत्येकी. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन, म्हणाले खात्यात आठशे पंच्याहत्तर जमा झालेत, बरोबर आहेत ना?