पाम थ्री-एक्स-ई आणि लिनक्स: जुळ्या नोंदी गेल्या, ळ अजून अडलाय

काल रात्री अकराच्या सुमारास पहिल्यांदा दोन्हीकडून हॉटसिंक झालं, म्हणजे माझा जुना पाम (खिशात मावणारा छोटा संगणक) आणि लिनक्सवाला डेस्कटॉप यांच्यातल्या नोंदी एकमेकांशी जुळल्या. पामवर लिहिलेली नोंद डेस्कटॉपवर आली, डेस्कटॉपवर दुरुस्त केलेली पामवर गेली आणि एकाही नोंदीला जुळं झालं नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण गेल्या आठवड्यात माझ्याकडे किराण्याची एकच यादी सात वेळा होती.

नवीन मंडळींसाठी: यंत्र २००० सालचं पाम थ्री-एक्स-ई. ८ एमबी मेमरी, १६० बाय १६० ठिपक्यांचा करडा पडदा, दोन ट्रिपल-ए सेल. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मिळालं, क्रेडलसकट (संगणकाला जोडायचा स्टँड). क्रेडल नसतं तर हात लावला नसता. विकणाऱ्याला तो कॅल्क्युलेटर वाटत होता, मीही गप्प राहिलो. डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स आणि पामशी बोलणारं पायलट-लिंक हे सॉफ्टवेअर, सोर्सपासून कंपाइल केलेलं.

आधी सेलचं सांगतो, कारण या यंत्रात सगळ्या नोंदी रॅममध्ये असतात. सेल संपले की नोंदी गेल्या. बदलताना आतला कपॅसिटर साधारण एक मिनिट तग धरतो, तेवढ्यात नवे सेल आत जायला हवेत. मी रिचार्जेबल वापरतो. ते १.२ व्होल्टचे, त्यामुळे पाम पहिल्या दिवसापासून 'सेल संपत आले' म्हणून रडत होतं. उपाय यंत्रातच दडलेला आहे: ग्राफिटीत (पामवर लेखणीनं लिहायच्या लिपीत) शॉर्टकटची खूण काढायची, दोन टिचक्या मारून टिंब द्यायचं आणि ७ लिहायचं, की सेलचा प्रकार बदलतो. ७ च्या जागी चुकून १ किंवा २ लिहू नका. यंत्र डीबग अवस्थेत जातं, सिरियल पोर्ट उघडा राहतो आणि सेल बसल्या जागी संपतात. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

केबलनं दोन रविवार खाल्ले. क्रेडलची शेपटी नऊ पिनांची सिरियल, आणि माझ्या मदरबोर्डवर तसला पोर्ट नाही, म्हणून मध्ये यूएसबी अडॅप्टर. पहिला अडॅप्टर (नाव घेत नाही, शंभर रुपयांत आणखी काय मिळणार) गाठ पडल्यावर लगेच तोंड फिरवायचा. हॉटसिंकची पहिली ओळख नेहमी ९६०० बॉड या संथ वेगाला होते, मग दोघं मिळून जास्तीचा वेग ठरवतात. ओळख व्हायची, वेग वाढला की शांतता. पायलट-लिंकला वेग सांगणारं पायलट-रेट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ९६०० वरच बांधून ठेवल्यावर सिंक पूर्ण झालं, पण त्या वेगानं सेकंदाला हजार बाइटही जात नाहीत. भरलेल्या ८ एमबीचा बॅकअप घ्यायला सव्वादोन तासांच्या वर लागतील. दुसरा अडॅप्टर आणला, आता ५७६०० वर बिनतक्रार चालतंय. तुमचंही सिंक सुरुवातीलाच तुटत असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी वेग उतरवून बघा. आणि सिरियलवर आधी कमांड, मग क्रेडलचं बटण. यूएसबीवाल्या पामचं उलटं: बटण दाबल्याशिवाय पोर्ट दिसतच नाही.

आता जुळ्यांची गोष्ट. मला मेमो पॅडमधल्या नोंदी डेस्कटॉपवर साध्या टेक्स्ट फायली म्हणून हव्या होत्या, म्हणून लिबपायसॉक (पायलट-लिंकमधली लायब्ररी) वापरून सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. पामवर प्रत्येक नोंदीला तीन बाइटचा आयडी असतो आणि सोबत एक बाइट खुणांचा. त्यातली एक खूण 'बदललंय', एक 'खोडलंय', एक 'खासगी', आणि खालच्या चार बिटांत वर्ग. म्हणूनच पामवर सोळापेक्षा जास्त वर्ग करता येत नाहीत. सिंक म्हणजे सगळं इकडून तिकडे ओतणं नव्हे. डेस्कटॉप फक्त 'बदललंय' खूण असलेल्या नोंदी मागतो आणि शेवटी खुणा पुसून टाकतो. मागचं सिंक दुसऱ्याच संगणकाशी झालं असेल तर त्या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही. मग प्रत्येक नोंद मागच्या प्रतीशी ताडून बघावी लागते. यालाच स्लो सिंक म्हणतात, आणि पाम शेवटचा संगणक कोणता होता ते लक्षात ठेवतं ते यासाठीच.

माझी चूक अगदी साधी. डेस्कटॉपवरून नवी नोंद पाठवताना आयडी शून्य द्यायचा असतो, मग पाम स्वतः आयडी ठरवतं आणि उत्तरात कळवतं. मी ते उत्तर वाचत होतो आणि फेकून देत होतो. पुढच्या सिंकला फायलीपाशी आयडी नाही, म्हणजे नोंद नवी, म्हणजे पुन्हा शून्य! दर वेळी एक यादी जास्त. आता प्रत्येक फायलीचा आयडी शेजारच्या एका फायलीत लिहून ठेवतो. तीन ओळींची दुरुस्ती, शोधायला चार संध्याकाळी.

खोडण्याची व्यवस्था मात्र मला फार आवडली. पामवर नोंद खोडली तरी तिची जागा लगेच जात नाही. मजकूर गेला तरी आयडी आणि 'खोडलंय' ही खूण पुढच्या सिंकपर्यंत थांबून राहते, म्हणजे डेस्कटॉपलाही ती खोडायची हे कळतं. खोडताना 'पीसीवर प्रत ठेवा' या चौकोनावर टिचकी असेल तर मजकूरही तोवर राहतो. पंचवीस वर्षांपूर्वी १६ मेगाहर्ट्झच्या ड्रॅगनबॉल प्रोसेसरवर हे इतकं नेटकं बसवलं होतं.

राहिला मराठीचा प्रश्न. पामला देवनागरी येत नाही, एका अक्षराला एक बाइट आणि तीही रोमन. म्हणून पामवर रोमनमध्ये लिहायचं आणि डेस्कटॉपवर येताना देवनागरी करायची, असा बेत आहे. त थ द न साठी लहान अक्षरं, ट ठ ड ण आणि ळ साठी मोठी. कागदावर झकास. पण ग्राफिटीत प्रत्येक मोठ्या अक्षराआधी खालून वर एक रेघ मारावी लागते, आणि घाईत ती रेघ हुकते. मग 'केळी'चं 'केली' होतं, 'नळ'चा 'नल', आणि यादी वाचून बायको विचारते की कोण नल आणि त्याला दुरुस्त का करायचं. शिवाय मध्येच लिहिलेला इंग्रजी शब्द देवनागरीत गेला की ओळखू येत नाही. सेलच्या आठवणीसाठी 'बॅटरी' लिहिलं होतं, फायलीत 'बत्तेर्य' उमटलं.

सध्या इंग्रजी शब्दाआधी तारा (*) टाकून बघतोय. ळ साठी ग्राफिटीतलं एखादं विनावापर चिन्ह घ्यावं असं मनात आहे. कुणी आधी असं काही केलं असेल तर कोणतं चिन्ह निवडलंत ते कळवा. मी तूर्त उलट्या तिरप्या रेघेवर आहे. पुढच्या रविवारी डेटबुक, म्हणजे पामची रोजनिशी, उघडणार आहे. तिथे वर्षासाठी १९०४ पासून मोजलेले फक्त ७ बिट आहेत, म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ च्या पुढची तारीखच नाही. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३३ चा आहे, तो मेमो पॅडमध्येच ठेवतो.