तुम्ही विचारलंत म्हणून: गिटार अ‍ॅम्पमध्ये कुठल्या ट्यूब घालू?

‘कुठल्या ट्यूब घालू?’ (ट्यूब म्हणजे सिग्नल मोठा करणारी काचेची नळी, जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह) याचं उत्तर मी देत नाही, अशी माझी ख्याती झाली आहे. कुणी म्हणतं, याला माहीत असतं पण सांगायचं नसतं. कुणी म्हणतं, उलटे प्रश्न विचारून माणसाला दमवतो. दुसरा आरोप कबूल. आधीच्या ट्यूबना काय झालंय, अ‍ॅम्प कुठला, बदलायची ती कुठल्या सॉकेटमधली, बायस (काही वाजत नसताना ट्यूबने किती करंट ओढायचा, ते ठरवणं) कोण लावणार, हे कळल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. समोरच्याला हवं असतं फक्त एक नाव. कंपनीचं.

तर आधी नावांचंच बघू, म्हणजे तो विषय संपेल. नव्या ट्यूबच्या खोक्यांवर ढीगभर नावं दिसतात, पण कारखाने बोटांवर मोजण्याइतके. रशियातल्या सारातोवच्या एकाच कारखान्यातून सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टुंग-सोल, नवं मुलार्ड आणि नवं गोल्ड लायन बाहेर पडतं. जेजे स्लोव्हाकियातली. उरलेल्या बहुतेक चिनी. जुनी मुलार्ड इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला बनायची. नवीचा तिच्याशी संबंध छापलेल्या नावापुरता. मार्च २०२२ मध्ये रशियातून ट्यूबची निर्यात अडली, तेव्हा ‘आम्हाला काय फरक पडतो, आम्ही मुलार्डवाले’ असं मला ठासून सांगणारे भेटले होते.

एका छपराखाली बनतात म्हणून सगळ्या सारख्याच, असंही मी म्हणत नाही. प्लेट (ट्यूबमधलं करंट गोळा करणारं पत्र्याचं कवच) आखूड की लांब, ग्रिडची (करंटला लगाम घालणाऱ्या जाळीची) तार कशी गुंडाळली आहे, याने फरक पडतो आणि तो ऐकूही येतो. पण तुमचा स्पीकर बदलला तर जेवढा फरक पडेल त्याच्या मानाने तो किती, हे विचारलं की लोक विषय बदलतात.

आवाज बदलायचा असेल तर नावाआधी नंबर बदला. प्रीअ‍ॅम्पमधल्या (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातल्या) १२एएक्स७ या ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, १००. तिच्याच जागी बसणाऱ्या ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास. पाय तेच, सॉकेट तेच. फेंडरच्या १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ट्वीड डिलक्स अ‍ॅम्पमध्ये पहिल्या सॉकेटला १२एवाय७ च असायची. तिथे १२एएक्स७ खोचायची आणि मग आवाज लवकर फाटतो म्हणून कुरकुरायचं, याला काय म्हणावं? ज्याला गेन (सिग्नलची वाढ) जास्त होतोय त्याने पहिल्या सॉकेटला ५७५१ घालून बघावी. महागड्या जुन्या ट्यूबपेक्षा हा फरक मोठा असतो आणि तो समजायला सोनेरी कान लागत नाहीत.

पहिल्या सॉकेटवर माझा एवढा भर का, तर तिथला कचरा पुढचे सगळे टप्पे मोठा करत नेतात. सर्वांत शांत ट्यूब तिथे. व्हॉल्यूम वाढवून पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. टण्णकन वाजली, घुमत राहिली, तर ती मायक्रोफोनिक, पुढच्या कुठल्या तरी सॉकेटला पाठवा. आणि फेंडरमधल्या रिव्हर्ब ड्रायव्हरला (स्प्रिंगमधून घुमणारा आवाज काढणाऱ्या टप्प्याला) दिलेली १२एटी७ कृपा करून तिथेच राहू द्या. तिला स्प्रिंगच्या टाकीला करंट द्यायचा असतो, गेन नाही.

पॉवर ट्यूबमध्ये (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या मोठ्या ट्यूबमध्ये) असला खेळ नाही. ६व्ही६ चा हीटर (पोटातली तापणारी तार) ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६जीसीचा ०.९, ईएल३४ चा दीड. ‘सॉकेटमध्ये बसते’ म्हणून ट्यूब चालत नसते. ट्रान्सफॉर्मर ते सगळं सोसत असतो. ईएल३४ चा सप्रेसर ग्रिड (आतली आणखी एक जाळी) एक नंबरच्या पिनवर येतो, तो आठ नंबरच्या कॅथोडशी (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाशी) जोडलेला लागतो; ६एल६ साठी बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये तशी जोडणी असेलच असं नाही. तेव्हा जी होती तीच घाला, आणि फिक्स्ड बायसचा (ज्यात बायस वेगळा लावावा लागतो असा) अ‍ॅम्प असेल तर बायस लावून घ्या. ‘मॅच्ड पेअर आहे, बायसची गरज नाही’ हे वाक्य ऐकलंत तर दुसरा माणूस शोधा. दोन ट्यूब एकमेकींशी जुळल्या म्हणून त्या तुमच्या अ‍ॅम्पशी जुळल्या असं होत नाही.

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगतो. नाव का सांगत नाही, ते आता.

आमच्या बँडमध्ये दुसरा गिटारवाला होता. त्याचा ५० वॅटचा, दोन ईएल३४ चा जुना अ‍ॅम्प. आवाज मऊ पडला होता, खर्जाच्या तारा बसल्यासारख्या लागायच्या. त्याने मला विचारलं, याच शब्दांत. मी तेव्हा तुसडा नव्हतो, नाव सांगितलं. जोडी आली. मीच घातली, बायसही मीच लावला. प्लेटवर ४६० व्होल्ट होते. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट झेलते, त्याचे ७० टक्के साडेसतरा वॅट, भागिले ४६०, म्हणजे ३८ मिलिअँपिअर. प्रत्येक कॅथोडला एक ओहमचा रेझिस्टर बसवलेला होता; त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. दोन्ही बाजू ३६ वर ठेवल्या. सारख्या. त्याने वाजवून बघितलं, खूश झाला, मला मिठी मारली.

कार्यक्रमात मध्यंतरानंतर त्याचा आवाज गढूळ होत गेला, मागून हम चढायला लागली. मी वळून बघितलं. ट्यूबच्या पोटात हीटरचा नारिंगी उजेड असतोच, तो नव्हे. प्लेटचं करडं पत्र्याचं कवच शिवणीजवळ लाल झालं होतं आणि तो लाल डाग बघता बघता पसरत होता. फक्त डावीकडच्या ट्यूबमध्ये. उजवी काळीशार. मी वाजवणं सोडून धावलो, पण स्टँडबायच्या बटणाला हात पोचायच्या आत फ्यूज उडाला. उरलेला कार्यक्रम एका गिटारवर रेटला.

तो स्टेजवर काही बोलला नाही. नंतर बोलला, आणि माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलला. ‘याने सांगितलेल्या ट्यूब जळल्या. जुन्या निदान चालत तरी होत्या.’ मग तो एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्याने ‘जोडी नीट जुळलेली नव्हती’ असं निदान करून वेगळ्या कंपनीची जोडी गळ्यात मारली. तासाभराने तीही लाल. ताप आहे म्हणून थर्मामीटर बदलत बसण्यातला प्रकार, पण निदान मी सांगितलेल्या कंपनीचं नाव तरी सुटलं, असं मला वाटलं. नाही सुटलं. ‘तुझ्या ट्यूबनी अ‍ॅम्पच बिघडवला’ ही पुढची आवृत्ती.

शेवटी अ‍ॅम्प माझ्याकडे आला. मी एवढंच केलं: डावी ट्यूब उजवीकडे घातली, उजवी डावीकडे, आणि वाट बघितली. अ‍ॅम्प पुरता तापल्यावर पुन्हा डावीकडची लाल. ट्यूब बदलली होती, जागा तीच. दोन्ही ट्यूब काढल्या आणि गरम अ‍ॅम्पच्या पाच नंबरच्या, म्हणजे ग्रिडच्या पिनवर मीटर लावला. उजवीकडे उणे ३८ व्होल्ट, डावीकडे उणे १६. फेज इन्व्हर्टरकडून (दोन पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या टप्प्याकडून) त्या ग्रिडकडे येणारा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा भाग) तापला की गळत होता. ग्रिडला २२० किलोओहमचा रेझिस्टर. एक दशांश मिलिअँपिअर जरी गळला तरी २२ व्होल्ट खाल्ले. ग्रिडवरचे उणे व्होल्ट हाच ट्यूबचा लगाम. तो सुटला, ट्यूबने ओढायचा तेवढा करंट ओढला. जुन्या ट्यूब ‘चालत होत्या’ त्या यामुळेच. त्या एवढ्या थकलेल्या होत्या की लगाम सुटूनही धावायची ताकद उरली नव्हती. नवीन धडधाकट होत्या, म्हणून लाल झाल्या.

कपॅसिटर बदलला. अ‍ॅम्प संध्याकाळभर चालू ठेवला, दोन्ही प्लेट काळ्या. मी मित्राला बोलावलं, मीटर त्याच्या हातात दिला, जुना कपॅसिटर दाखवला. त्याने नीट बघितलं आणि म्हणाला, ‘असेल. पण ट्यूब घालतानाच तू हे बघायला हवं होतंस.’

यावर मी अजून भांडतो. त्याच्याशी नाही, त्याने तो अ‍ॅम्प विकून ट्रान्झिस्टरचा घेतला, त्यालाही जमाना झाला. तेव्हाच्या मला विचारतो: दहा मिनिटं गरम झालेल्या अ‍ॅम्पवर बायस वाचून तू मोकळा कसा झालास? तासभर थांबला असतास तर? तो म्हणतो, दोन्ही बाजू सारख्या दिसत होत्या. मला ट्यूब घालायला सांगितलं होतं, अ‍ॅम्प उघडून त्यातला एकेक कपॅसिटर तपासायला नाही. आणि दहा मिनिटांवर बायस लावणारे कितीतरी आहेत, कुणाचं काही बिघडलं का? मी म्हणतो, बिघडलं ना. तो म्हणतो, कपॅसिटरने बिघडवलं. दोघांचंही बरोबर आहे आणि त्या मित्राचंही थोडं बरोबर आहे, यापलीकडे आम्ही गेलेलो नाही. एवढं मात्र झालं की मी आता पॉवर ट्यूब घातल्या की अ‍ॅम्प तास-दीड तास तापू देतो आणि मग पुन्हा मोजतो. तुम्हीही हाच हट्ट धरा. स्वतः मात्र चॅसी (आतला पत्र्याचा सांगाडा) बाहेर काढू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट साठलेले असू शकतात आणि ते तुमची हौस विचारत नाहीत.

एवढं ऐकून घेतल्यावर हमखास येणारा शेवटचा प्रश्न: ‘मग तुमच्या अ‍ॅम्पमध्ये काय आहे?’ हा खवचटपणे विचारला जातो, आणि त्याला कारण आहे. पहिल्या सॉकेटला ब्लॅकबर्नची जुनी मुलार्ड आहे.

हो, आहे. मला तिचा आवाज आवडतो. मी अ‍ॅम्पकडे पाठ करून बसलो आणि दुसऱ्याने ट्यूब बदलल्या, असं करूनही बघितलं आहे. ती मी ओळखली, पण आवाजाच्या गोडीवरून ओळखली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिचा बारीक फुस्स आवाज मला पाठ आहे. आणि दुसरी ट्यूब किंचित मोठी वाजली की तीच मला चांगली वाटायची. व्हॉल्यूम सारखा करून ऐकलं तेव्हा मी ठामपणे बोलायचं बंद केलं. तरी ती काढली नाही. याचं समर्थन माझ्याकडे नाही आणि मी ते शोधतही नाही. तुम्हाला जुनी ट्यूब घ्यायची असेल तर घ्या, पण छापलेल्या अक्षरांवर जाऊ नका. ती पुन्हा छापता येतात. टेलिफंकनच्या स्वतःच्या कारखान्यातल्या ट्यूबच्या तळाला, पायांच्या मधे, काचेतच पत्त्यांतल्यासारखी चौकट उठवलेली असते. अशा खुणा बघा.

आता ती मुलार्डही अधूनमधून तडतडायला लागली आहे. आधी सॉकेटचे कॉन्टॅक्ट पुसेन, मग प्लेटला जाणारा रेझिस्टर बघेन, कारण तडतड तिथूनही येते. ट्यूबच निघाली तर बहुधा ५७५१ घालेन. कुठल्या कंपनीची, ते विचारू नका, मी अजून दोन खोक्यांपुढे घुटमळतोय.